सड्यावरची टिकली

घराबाहेर पडायचं म्हटलं की मी आधी शेगडी बघून येते. मग मागचं दार, मग बेसमेंटचा दिवा, आणि मग पुन्हा शेगडी. ही आत्ताची म्हातारपणाची खोड नाही. काकांच्या घरी आले तेव्हापासूनची आहे. "कुंदा, घर जळलं तर इन्शुरन्स आहे, तू गाडीत बस!" असं काका स्टीअरिंगवर हात ठेवून ओरडायचे. त्यानं माझा जीव आणखीच खालीवर व्हायचा. इन्शुरन्स म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण घर जळू शकतं हे काकांनीसुद्धा मान्य केलेलं आहे, एवढं मात्र कळायचं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरांत, कोळशाच्या खाणींमुळे वसलेल्या एका लहान गावात ते डॉक्टर होते. माझे आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा काका-काकूंनी मला कागदोपत्री दत्तक घेतलं आणि इकडे आणलं. राजापूरकडच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, पुढची शाळा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळाचं माळरान, ओलांडून पलीकडे. नववीत ती सुटली. इकडे आल्यावर काकांनी मला गावातल्या हायस्कुलात बसवलं. मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि सगळे हसले की हसायचे. एकदा सगळे हसले ते मलाच हसले होते, आणि मीही त्यांच्याबरोबर मनापासून हसले. अंजू, म्हणजे काकांची मुलगी, तेव्हा खालच्या शाळेत होती. तिच्या कानावर ते आलं आणि तिनं घरी येऊन सांगितलं. त्यानंतर काका म्हणाले, "राहू दे. घरी बस, काकूला मदत कर, इंग्रजी काय, टीव्ही बघून येईल." अशी माझी शाळा दोन देशांत सुटली. दोन्हीकडे कोणी रागावलं नाही, याचंच मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

ते घर अजून कानांत आहे, कारण मी त्यातच राहते. उतारावर बांधलेलं, खालच्या अंगाला रेल्वेचे रूळ. कोळशाची मालगाडी जाऊ लागली की कपाटातल्या काचेच्या बशा आधी बोलायला लागायच्या आणि गाडीचा आवाज नंतर यायचा. हिवाळ्यात घर तापवणारा रेडिएटर असा ठकठक करायचा की पहिल्या वर्षी मी रोज दार उघडून कोण आलंय बघायचे. वसंत ऋतूत बर्फ वितळलं की बेसमेंटमध्ये पाणी यायचं. काकू पदर खोचून, खराटा घेऊन उतरायच्या आणि ते पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे ढकलताना घर बांधणाऱ्याच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करायच्या. आणि स्वयंपाकघर! आपल्याकडचा किराणा आणायला पार कोलंबस शहरापर्यंत जायचं, तेही कोणी जाणारं असलं तर. मग काकूंनी जे मिळेल त्यातून संसार उभा केला होता. इथल्या मक्याच्या पिठाची घावनं, इथल्या ताकाची कढी (खाणकामगारांच्या बायका त्याच ताकात पाव करतात, आणि ते ताक खरोखर चांगलं असतं), डब्यातल्या फणसाची सांदणं. ऑगस्टात डोंगरावरची ब्लूबेरी बाजारात आली की त्या तिचा वेलची घालून मुरांबा करायच्या. तो मुरांबा खाल्ला की अंजूची जीभ जांभळी व्हायची आणि ती शाळेत सगळ्यांना दाखवायची.

मी त्या घरात कशालाच नाही म्हणत नसे. "कुंदा, अजून एक पोळी?" "हो काकू." "कुंदा, हा स्वेटर तुला आवडला ना?" "हो काकू." तो स्वेटर अंगाला टोचायचा. त्यांनी मला खाऊ घातलं, पांघरूण दिलं, नाव दिलं. त्यांच्यापुढे 'नको' हा शब्द काढायचा म्हणजे ते सगळं परत केल्यासारखं वाटायचं. कोणी मला कधी तसं सांगितलं नव्हतं. काकू तर उलट चिडायच्या, "अगं, तोंडातून दुसरं काही येतं की नाही तुझ्या?" मी म्हणायचे, "हो काकू."

आता सड्याबद्दल. काका सगळ्या पेशंटना चालायला सांगायचे आणि स्वतः हॉस्पिटल ते घर, घर ते हॉस्पिटल, तेही गाडीतून. शेवटी त्यांचंच ब्लडप्रेशर वाढलं, आणि दुसऱ्या गावचे डॉक्टर वैद्य, जे नागपूरचे होते, त्यांनी काकांना फोनवरून दम दिला, "लोकांना ग्यान देऊन राहिले आणि स्वतः बसून राहिले! उद्यापासून चाला." काकू म्हणाल्या, घरातल्या घरात माझं पुष्कळ चालणं होतं. अंजू म्हणाली, "नो वे." राहिले मी. मला विचारलं, मी हो म्हटलं. एका रविवारी काका मला घेऊन गावावरच्या डोंगरावर निघाले. गावातले लोक त्या डोंगराला नाव घेऊन बोलावत नसत, नुसतं 'वर' म्हणत. काका इतकी वर्षं त्या गावात राहून तिथे एकदाही गेले नव्हते.

गाडी जंगलातून वळणं घेत चढत राहिली, आणि मी मनात शेगडी, मागचं दार, बेसमेंटचा दिवा असं घोकत बसले. मग एकाएकी झाडं संपली. हळूहळू विरळ वगैरे झाली नाहीत, संपली. पुढे नुसतं पसरलेलं माळरान, वारा, मधूनमधून उघडे पडलेले पांढुरके कातळ आणि गुडघ्याएवढी झुडपं, क्षितिजापर्यंत. मी गाडीतून उतरले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, हा तर सडा!"

काका दार धरून तसेच उभे राहिले. तेही गावच्या त्याच सड्यावरून त्याच शाळेत गेले होते, माझ्या कितीतरी आधी. वारा त्यांचा टाय उडवत होता (चालायलासुद्धा ते टाय लावून आले होते). मग म्हणाले, "करवंदं असतील का गं?"

करवंदं नव्हती. त्या जागी ब्लूबेरीची झुडपं होती, आणि आम्ही दोघं अगदी गावच्यासारखे वाकून, तळहातावर जमवून, तोंडात टाकत चाललो. पुढे मला त्या सड्याचे आणि आमच्या सड्याचे फरक कळत गेले. आमचा सडा काळा-तांबडा, उन्हात पाय भाजणारा. हा थंड, जुलैतसुद्धा कानाला रुमाल बांधायला लावणारा. इथल्या तुरळक झाडांना फांद्या एकाच बाजूला असतात. पश्चिमेचा वारा दुसरी बाजू वाढूच देत नाही. लांबून ती झाडं घाईघाईनं कुठेतरी निघालेल्या बायकांसारखी दिसतात. सखल जागी शेवाळाची दलदल असते, पाऊल टाकलं की हातभर पलीकडची जमीन हलते, आणि त्यात एका जातीचं गवत उगवतं, त्याला शेवरीसारखा पांढरा कापूस येतो. सप्टेंबर संपत आला की सगळी झुडपं लाल होतात. एखाद्या झाडाचं लाल होणं वेगळं आणि अख्खी जमीन लाल होणं वेगळं. आपण लाल गोधडीवरून चाललोय आणि तिचा शेवट दिसत नाहीये, असं वाटतं.

चालण्याचं सुख तिथे मला पहिल्यांदा कळलं. गावी सडा ओलांडायचा तो शाळेची घंटा गाठायला. इथे कुठे पोचायचं नव्हतं. काका पुढे, मी मागे, बोलणं जवळजवळ नाही. आधी धाप लागायची, मग धाप आणि पाय यांचं काहीतरी आपसात ठरायचं, आणि त्यानंतर अंग आपलं आपण चालायचं. आणि मला भीती वाटायची नाही, हे सगळ्यात मोठं. खाली गावात मला फोनची भीती, दारावरच्या बेलची भीती, दुकानातल्या बाईनं काही विचारलं तर त्याची भीती. वर काय? कोणी येत असेल तर मैलभरावरून दिसतं. बंद करायला शेगडी नाही, लावायला दार नाही. मी दर रविवारी गाडीतून उतरले की काळज्यांची माळ ओढायला सुरुवात करायचे आणि पहिल्या कातळापर्यंत पोचेतो ती कुठे हातातून सुटायची, कळायचंही नाही.

त्या मोकळ्या रानात वाट ओळखायला झाडं नाहीत, म्हणून चालणाऱ्यांसाठी ठरावीक अंतरावर दगडांचे ढीग रचलेले असतात. एका ढिगापाशी उभं राहायचं, पुढचा शोधायचा, तिकडे जायचं. आता तिथे गाडीतळ झाला आहे, काठ्या टेकत चालणारी तरुण मुलं फोनवर नकाशा बघतात, आणि सुरुवातीलाच एक पाटी आहे: कृपया दगड रचू नका. ती पाटी वाचली की मला दर वेळी हसू येतं. अशा पाटीची किती गरज आहे ते आम्हाला ठाऊक आहे.

तीन-चार उन्हाळे असे गेले आणि मग न्यूजर्सीचं निघालं. काकूंची धाकटी बहीण नंदामावशी वेस्ट विंडसरला राहायची. तिचे यजमान मधूकाका औषधांच्या कंपनीत रिसर्च करायचे. दर रविवारी सकाळी दोघी बहिणी फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायच्या की फोनची गरज काय असं काका विचारायचे. त्या फोनवरच ठरलं. तिकडे आपली माणसं पुष्कळ, देऊळ, गणपती, नाटकं. नंदामावशीच्या मैत्रिणीचं साड्यांचं दुकान, तिथे मला काम मिळेल, चार मुली भेटतील. काकू फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "इथं काय आहे गं तुला? मी, रेल्वे आणि डोंगर. तिकडे जरा माणसात येशील. जाशील ना?"

"हो काकू," मी म्हटलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन, बंद असलेली शेगडी पुन्हा बंद केली.

मला जायचं नव्हतं. हे इतकं साधं वाक्य आहे, पण ते तेव्हा मला मनातल्या मनातसुद्धा पूर्ण म्हणता यायचं नाही. माझ्या भल्याचंच ठरवत होती ती माणसं. काकूंनी माझ्यासाठी नवी बॅग आणली, चिवडा केला, लाडू केले, मुरांब्याच्या बरण्यांना कापड बांधलं. जसजशी बॅग भरत गेली तसतसं माझं नाही म्हणणं अवघड होत गेलं. आता भरलेल्या बॅगेला नाही म्हणायचं कसं? नंदामावशी आणि मधूकाका शनिवारी गाडी घेऊन आले. सोमवारी सकाळी मला घेऊन परत जाणार होते. मधला रविवार मोकळा होता, आणि काका म्हणाले, "सगळेच वर जाऊ. कुंदाचा निरोपसमारंभ सड्यावर." वैद्यकाका आणि वैद्यकाकूंनाही बोलावलं. काकू पहिल्यांदाच वर येणार होत्या.

सड्यानं त्या दिवशी काही कमी ठेवलं नव्हतं. सगळं लाल, वर निळं, वारासुद्धा अंगाशी नीट वागणारा. एका मोठ्या कातळावर चादरी पसरून आम्ही जेवलो. दशम्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी, दडपे पोहे, थर्मासमध्ये चहा. काकू सारख्या इकडेतिकडे बघत होत्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे एवढं सगळं आपल्या डोक्यावर होतं होय?" नंदामावशीनं वाटेवरचा दगडांचा ढीग पाहिला आणि विचारलं, "ताई, इथंही घरं मांडतात का गं?"

आपल्याकडे डोंगरावरच्या देवाला जाताना लोक वाटेकडेला दगडावर दगड रचून लहानसं घर मांडतात. असं मांडलं की आपलं घर होतं म्हणतात. घर असलेले लोक मग दुसरं काहीतरी मागतात. नंदामावशी पदर खोचून उठली. "मी मांडणार. आमच्या टाउनहाउसला वैतागलेय मी, स्वतःचं अंगण पाहिजे." वैद्यकाकू म्हणाल्या, "मग मी कशाला मागे राहू?" आणि बघता बघता सगळे उठले. डॉक्टर, शास्त्रज्ञ, त्यांच्या बायका, सगळे लाल झुडपांतून दगड वेचत पांगले. देवाला आपलं वेगळं दिसावं म्हणून जो तो दुसऱ्यापासून लांब जाऊन रचायला लागला. वैद्यकाका तर पार टोकाला गेले. "मोठं मागून राहिलो ना मी, लांबून दिसलं पाहिजे!" मधूकाका म्हणाले, माझा विश्वास नाही, आणि सगळ्यात उंच ढीग त्यांचा झाला. नंदामावशीनं शेवटी आपल्या कपाळावरची टिकली काढून वरच्या दगडाला लावली. अंजूनं कपाळाला हात मारला. "यू गाइज आर सो एम्बॅरसिंग."

"तू काय मागितलंस गं?" काकूंनी मला विचारलं.

"काही नाही काकू." माझा ढीग लहान होता, कातळाच्या आडोशाला. मी मागितलं होतं: इथेच राहू दे.

"मी बाई बेसमेंटचं मागितलं," काकू म्हणाल्या. "पाणी येऊ नये म्हणून. आता घर आहे तर निदान कोरडं तरी असावं."

धुकं आलं ते चहा संपता संपता. वर ते येत नाही, असतंच. आपण फक्त एकाएकी त्याच्या आत सापडतो. आधी लांबची झाडं गेली, मग झुडपांचा लाल रंग गेला, मग माणसांचे पाय. काका उठले, "चला, चला, आवरा. ढीग बघत बघत निघायचं. एकमेकांचा हात सोडू नका." आम्ही रांगेत निघालो. पुढे काका, मग मधूकाका, मधे बायका, शेवटी वैद्यकाका, दडप्या पोह्यांचं पातेलं डोक्यावर घेऊन. एक ढीग दिसला. काका म्हणाले, "शाब्बास." त्याच्यापाशी उभं राहून पुढचा शोधला, तोही दिसला. "बघा, किती सोपं असतं." मग तिसरा. तिसऱ्यापाशी अंजू वाकली आणि म्हणाली, "बाबा, धिस वन हॅज अ बिंदी."

सगळे त्या टिकलीवर वाकले. मग वैद्यकाकांचा आवाज आला, पातेल्याखालून, "म्हणजे आपण आपल्याच नवसाला प्रदक्षिणा घालून राहिलो?"

नंदामावशी हसायला लागली आणि हसता हसता तिचं हसणं रडण्याकडे वळायला लागलं. मधूकाका म्हणाले, घाबरायचं काही कारण नाही, सायंटिफिकली विचार करू, खरे ढीग आपल्या ढिगांपेक्षा रुंद आहेत. असं म्हणून त्यांनी उजवीकडे पाऊल टाकलं आणि ते गुडघ्यापर्यंत खाली गेले. काका आणि वैद्यकाकांनी ओढून काढलं तेव्हा पाय आला, बूट आला नाही. शेवाळाखाली काळं, गार पाणी होतं. आता कोणी हसत नव्हतं. काकूंनी माझा दंड घट्ट पकडला होता आणि त्या तो सोडत नव्हत्या. या घरात मी सोडून कोणाला भीती वाटते हे मला नवीन होतं.

मग काकांना पुढे एक काळसर आकार दिसला. "तो बघा! तो मोठा आहे, तो आपला नाही. तोच वाटेवरचा. चला सरळ."

"नाही," मी म्हटलं.

मला आधी कळलंच नाही की ते मी बोलले. काका वळले. धुक्यात त्यांचा चष्माच तेवढा दिसत होता. "काय म्हणालीस?"

"नाही काका. मी येणार नाही. कोणीच जायचं नाही. इथेच बसायचं."

यात माझं शहाणपण काहीही नव्हतं. वाट मलाही माहीत नव्हती. लहानपणी पावसाळ्यात सड्यावर धुक्यात सापडलो तर आम्ही पोरी कातळाला पाठ लावून बसायचो, अधूनमधून कूऽऽ असा कुकारा घालायचो आणि धुकं जाईपर्यंत उठायचो नाही, एवढंच. आणि मला भयंकर भीती वाटत होती. इतकी, की त्यापुढे काकांना नाही म्हणायची भीती लहान झाली.

"अगं, पण तो समोर..." काका म्हणाले.

"ती म्हणते ना, मग बसू या," काकू म्हणाल्या आणि टिकली लावलेल्या ढिगाशेजारच्या कातळावर त्यांनी खरंच बसून घेतलं. काकू बसल्या म्हणजे प्रश्न मिटला. घरातही तसंच होतं. हळूहळू सगळे बसले. चादरी पांघरल्या. मधूकाकांच्या पायाला काकूंनी टॉवेल गुंडाळला. वैद्यकाकांनी पातेलं उघडलं आणि गार पोहे तळहातावर वाटले. अंजू माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, जे ती तेरा वर्षांची झाल्यापासून करत नसे. मधूनमधून आम्ही कुकारा घालत होतो. अंजूला तो आधी येईना, मग इतका सुंदर जमला की थांबेना.

"न्यूजर्सीला असलं काही नाही बाई," नंदामावशी मला थोपटत म्हणाली. "सगळं सपाट. उद्या सकाळी लवकर निघू, म्हणजे संध्याकाळपर्यंत..."

"मावशी, मी येणार नाही."

हे दुसरं नाही पहिल्याच्या पाठोपाठ आलं. एकदा दार उघडलं होतं, त्यातून आत अडकून राहिलेलं बाहेर पडलं. मी काकूंकडे बघितलं नाही. धुक्याकडे बघून सगळं बोलून टाकलं. मला इथेच राहायचंय. मला साड्यांचं दुकान नको. तुम्ही दोघांनी माझं खूप केलंत, म्हणून मी हो म्हणत राहिले. मला हे घर आवडतं, रेल्वेसुद्धा आवडते. स्वेटर टोचतो. ते स्वेटरचं मधेच कसं आलं, देव जाणे.

मला वाटलं, संपलं सगळं.

"मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती तुला?" त्या एकदम कडाडल्या. "महिनाभर मी लाडू वळतेय! रात्री झोप नाही मला, घर खायला उठेल आता म्हणून! ह्यांना विचार! मी आपली समजतेय, पोरगी कंटाळलीय इथं, तोंडानं सांगत नाही, हो हो करत असते..." मग त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आणि तो स्वेटर मलाही टोचायचा, म्हणून तर तुला दिला."

काका चष्मा पुसत होते. धुक्यानं ओला झाला होता म्हणाले.

"म्हणजे लाडू आमच्याकडे येणार की नाही?" मधूकाकांनी टॉवेलमधून विचारलं.

"लाडू न्या हो," काकू म्हणाल्या. "पोरगी ठेवा."

धुकं आलं तसंच गेलं. आधी झुडपांचा लाल रंग परत आला, मग लांबची एकांगी झाडं. काकांनी 'सरळ चला' म्हणून दाखवलेला तो मोठा ढीग मधूकाकांचाच निघाला, विश्वास नसलेल्या माणसाचा, आणि त्याच्या अलीकडे पांढऱ्या कापसाच्या गवताची ती दलदल पसरलेली होती, ऊन पडल्यावर अगदी साळसूद दिसणारी. काकांनी ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. खरी वाट आमच्या पाठीमागे होती.

निघण्याआधी काका म्हणाले, रचलं ते मोडून जायचं, नाहीतर आपल्या नवसापायी कोणीतरी बुडेल. ते सगळ्यांना पटलं, पण मोडायला कोणी पुढे होईना. स्वतःच्या हातानं स्वतःचं मागणं कसं पाडायचं? शेवटी तोड निघाली, प्रत्येकानं दुसऱ्याचा मोडायचा. मग काय, मोठमोठी डॉक्टर माणसं 'सॉरी हं' म्हणत एकमेकांची घरं पाडायला लागली. नंदामावशीनं आपली टिकली तेवढी सोडवून परत कपाळाला लावली. काकूंचा ढीग मधूकाकांनी एका बुटानं उडवला, आणि काकू ओरडल्या, "अहो हळू!"

माझा मात्र मी कोणाला मोडू दिला नाही. कातळाच्या आडोशाला जाऊन एकेक दगड उचलला आणि जिथून आणला होता तिथे, झुडपांच्या मुळाशी ठेवला. मला जे मागायचं होतं ते मिळालं होतं, आता ढीग कशाला? शेवटचा दगड ठेवून उठले तेव्हा काकू वाटेवर माझ्यासाठी थांबल्या होत्या. "चल," म्हणाल्या, "घरी जाऊन ती बॅग रिकामी करायचीय."

नंदामावशीला पुढे अंगण मिळालं, ढीग मोडूनसुद्धा. वैद्यकाकांनी काय मागितलं होतं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. काकूंचं बेसमेंट मात्र कधी कोरडं झालं नाही, आणि त्याचा दोष त्यांनी जन्मभर मधूकाकांच्या बुटाला दिला. काका गेले, मग काकू गेल्या, अंजू टेक्सासला अर्विंगला असते, तिथून रोज फोन करते, आणि माझी काळजी घेताना आता तीच मला विचारते, "ताई, शेगडी बंद केलीस ना?" घर माझ्या नावावर आहे. गुडघे साथ देतात तोवर मी रविवारी वर जाते, पहिल्या कातळापर्यंत, आणि पाटी वाचून हसून परत येते. या वर्षी बर्फ जोरात होतं. वसंत आला तशी मी सकाळी पदर खोचून खराटा घेतला, बेसमेंटचा दिवा लावला आणि पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे ढकलता ढकलता, काकूंना आठवून, घर बांधणाऱ्याच्या सगळ्या पिढ्यांचा मनसोक्त उद्धार केला.